कोपरीचा खाडीकाठ आणि फौजेतले उस्ताद

ठाणे स्टेशनवर उतरणारी बहुतेक गर्दी पश्चिमेकडे वळते. तलावपाळी, जांभळी नाका, गोखले रोड, सगळं ठाणं त्या बाजूला आहे अशी लोकांची समजूत. पूर्वेकडच्या जिन्याने उतरणारी माणसं त्या मानाने कमी. ती आमची माणसं, कोपरीची. पश्चिमेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि एका अंगाने पूर्व द्रुतगती महामार्ग, अशा तीन रेघांच्या मधोमध आमची वस्ती बसलेली आहे. मुंबईहून महामार्गाने येणारा माणूस आनंदनगरचा नाका ओलांडतो, रुळांवरचा कोपरीचा पूल चढतो आणि तीन हात नाक्याला उतरतो. कोपरी हे नाव त्याच्या कानावर येतं ते पुलाचं नाव म्हणून. पुलाखाली आणि पुलापलीकडे माणसं राहतात, हे त्याच्या लक्षात राहत नाही.

राहतात मात्र नाना तऱ्हेची माणसं. चेंदणी कोळीवाडा आधीपासूनचा. रेल्वे आली आणि त्याचे दोन तुकडे झाले, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्यात येऊन थांबली. तिला ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, फाळणीनंतर, त्यातल्या सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेली कुटुंबं याच कोपरीत वसली, हा योगायोग आम्हाला नेहमी विचारात पाडतो. इथली सिंधी वसाहत त्या निर्वासितांची. त्यांचेच भाऊबंद कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या बराकींचं आज उल्हासनगर झालं आहे. फौजेने रिकाम्या केलेल्या खोल्यांत बेघर माणसांनी चुली मांडल्या आणि शहर उभं राहिलं. आमच्या या पट्ट्यात फौजेशी नातं शोधायला गेलं तर पहिल्यांदा सापडतं ते हे.

कोपरीत सकाळ लवकर होते. कोळणींच्या टोपल्या, दुधाच्या गाड्या, पहिल्या लोकलसाठी धावणारे चाकरमाने, शाळेच्या रिक्षा, सगळं सहाच्या आत सुरू होतं. त्याही आधी, अंधार असतानाच, मीठबंदर रस्त्याने काही पोरं पळताना दिसतात. हिवाळ्यात पलीकडे खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. त्याच पक्ष्यांमुळे ठाण्याची खाडी अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसरच्या यादीत गेली. कॅमेरे घेऊन लोक लांबून पक्षी बघायला येतात. पळणाऱ्या पोरांकडे मात्र कोणी बघत नाही. ही पोरं व्यायामासाठी पळत नाहीत. कोणाला पोलीस भरतीत उतरायचं असतं, कोणाला अग्निवीर व्हायचं असतं. मोबाइलवर वेळ लावून सोळाशे मीटरचा अंदाज घेत ती पळतात. पायात जे असतील ते बूट. अंतर बरोबर मोजलेलं आहे का, पाय टेकवायची पद्धत बरोबर आहे का, शेवटच्या फेरीसाठी दम कसा राखायचा, हे सांगणारं जवळ कोणी नाही. एकमेकांना बघून शिकायचं, मोबाइलवरचे व्हिडिओ बघायचे आणि बाकी नशिबावर सोडायचं.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत राहणारे आमचे एक मेहुणे सुट्टीला आले होते. पहाटे फिरायला गेलो असता त्यांनी ही पोरं पाहिली आणि विचारलं, "यांना शिकवतो कोण?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. मग त्यांनी तिकडची एक गोष्ट सांगितली. तिकडे धर्मादाय कामासाठी गोल्फच्या स्पर्धा भरवतात. त्यातल्या काही खास सैनिकांसाठी असतात. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ज्यांनी तरुण सैनिकांना, त्यांच्या मुलांना किंवा गावातल्या पोरांना हाताला धरून वाट दाखवली, त्यांचा अशा स्पर्धेत जाहीर सन्मान होतो आणि जमलेला पैसा त्याच कामाला लावला जातो. आम्हाला गंमत वाटली. गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ. त्याचा आणि फौजेतल्या शिकवणाऱ्या माणसाचा काय संबंध? म्हणून आम्ही थोडी माहिती काढली आणि एका रविवारी थोडी पायपीटही केली.

हिरवळीचा खेळ

कोपरीहून गोल्फचं नावाजलेलं जुनं मैदान म्हणजे चेंबूरचं. ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला उतरायचं आणि हार्बरच्या गाडीने चेंबूर गाठायचं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. आजूबाजूला उंच इमारती, रिक्षांची रांग, दुकानांचे फलक आणि त्यांच्या मधोमध अठरा खळ्यांची हिरवळ. मुंबईचं दुसरं टोक गाठलं तर कुलाब्याच्या लष्करी भागात युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं समुद्रालगतचं मैदान आहे. ते सेनादलांचं, तिथे आपल्यासारख्यांना सहज प्रवेश नाही. पण त्यावरून एक गोष्ट कळते. आपल्याकडे गोल्फ टिकला आणि पसरला त्यात छावण्यांचा वाटा मोठा आहे. मध्य प्रदेशातलं महू हे लष्करी गाव. तिथल्याच मैदानावर तयार झालेले मुकेश कुमार वयाची पन्नाशी उलटल्यावर २०१६ मध्ये दिल्लीत आशियाई दौऱ्यावरची स्पर्धा जिंकले.

अठरा खळ्यांच्या एका मैदानाला साधारण शंभर एकर किंवा त्याहून जास्त जागा लागते. धर्मादाय स्पर्धेची पद्धत साधी आहे. चार-चार जणांचे संघ करतात. एरवी सगळे पहिल्या खळ्यापासून पाळीपाळीने सुरुवात करतात. इथे प्रत्येक खळ्यावर एक संघ उभा राहतो आणि इशारा होताच सगळे एकदम खेळायला लागतात, म्हणजे एका सकाळीत खेळ आटोपतो. प्रत्येक संघ प्रवेशाचे पैसे भरतो. प्रत्येक खळ्यापाशी कोणा व्यापाऱ्याच्या नावाची पाटी लागते, त्याचे तो पैसे देतो. शेवटी जेवण, सत्कार आणि काही वस्तूंचा लिलाव. खेळणारा चेंडू कुठे मारतो याला फारसं महत्त्व नसतं. माणसं जमावीत आणि खिशात हात घालावा, एवढ्यासाठी तो बेत.

यातलं सर्वांत ठाऊक असलेलं उदाहरण अमेरिकेतल्या डॅन रूनी यांचं. ते हवाई दलात लढाऊ विमानाचे वैमानिक आणि गोल्फचे व्यावसायिक खेळाडूही. एकदा प्रवासी विमानाने जात असताना वैमानिकाने सांगितलं की याच विमानातून इराकमध्ये कामी आलेल्या एका सैनिकाचा मृतदेह घरी चालला आहे, तो उतरवेपर्यंत सर्वांनी जागेवर बसून राहावं. तरीही काही प्रवासी उठून निघून गेले. हे रूनी यांच्या मनाला लागलं. २००७ मध्ये त्यांनी फोल्ड्स ऑफ ऑनर ही संस्था काढली. गोल्फच्या मैदानांवरून पैसा गोळा करायचा आणि कामी आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या सैनिकांच्या मुलांना व पत्नीला शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची, हे तिचं काम.

या खेळातली एक रीत आम्हाला आवडली. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सवलत आधीच देतात. त्यामुळे पक्का आणि कच्चा एकाच मैदानावर बरोबरीने खेळू शकतात. मागून निघालेल्याला थोडं पुढे आणून ठेवायचं आणि मग म्हणायचं, आता दाखव तुझी करामत. चांगला उस्ताद शागिर्दासाठी नेमकं हेच करतो.

याच खेळात एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. अली शेर दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालणारे. १९९१ मध्ये त्याच मैदानावर त्यांनी इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकली. पिशवी वाहणाऱ्या पोराच्या हाताला काठी मिळाली की काय होतं, ते त्यांनी दाखवून दिलं.

उस्ताद हा शब्द

आता फौजेकडे वळू. आपल्या घरात उस्ताद हा शब्द रोजचा आहे. मकतबात शिकवणारे उस्ताद, गॅरेजमधले उस्ताद, शिलाईच्या मशीनवर हात बसवून देणारे उस्ताद. हाच शब्द भारतीय सैन्यातही रुळलेला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनच्या अकादमीत कवायत आणि शस्त्रं शिकवणाऱ्या हवालदाराला कॅडेट 'उस्ताद' म्हणूनच हाक मारतात. उद्या जो अधिकारी होऊन त्याच हवालदाराचा सलाम घेणार, तो आज त्याच्यापुढे ताठ उभा राहून शिकत असतो. पदाने लहान माणूस हुनराने मोठा असू शकतो, हे या एका शब्दात फौजेने मान्य केलेलं आहे.

या उस्तादांनी काय घडवलं याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. फाळणीत आईवडील गमावलेला मिल्खा सिंग नावाचा एक पोरगा दिल्लीला निर्वासित म्हणून आला. सैन्यात जायला गेला तर तीनदा नाकारला गेला. चौथ्यांदा, १९५१ मध्ये, त्याला घेतलं. सिकंदराबादच्या केंद्रात नव्या रंगरुटांची लांब पल्ल्याची सक्तीची दौड झाली, तीत तो सहावा आला. त्याच्यातली चमक हवालदार गुरुदेव सिंग यांनी हेरली आणि त्याला धावण्याच्या खास सरावाला लावलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९५८ मध्ये कार्डिफला राष्ट्रकुलाचं सुवर्ण, १९६० मध्ये रोम ऑलिम्पिकात चौथा क्रमांक. त्यांचेच चिरंजीव जीव मिल्खा सिंग युरोपच्या दौऱ्यावर खेळणारे पहिले भारतीय गोल्फपटू झाले. ही कथा इथे संपत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलच्या लढाईत हवालदार बिक्रम सिंग कामी आले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाची जबाबदारी मिल्खा सिंग यांनी उचलली. एका हवालदाराने आपल्याला हात दिला होता, तो हात त्यांनी दुसऱ्या हवालदाराच्या मुलापुढे केला.

आपल्या महाराष्ट्रातलं ताजं नाव अविनाश साबळे यांचं. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा शेतकऱ्याचा मुलगा. बारावी झाल्यावर महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केली. धावपटू व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं. सैन्यातल्या शर्यतीत पळू लागला, तेव्हा लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळवलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, पुढच्या वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

आणि मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना पोहण्याचा व्यायाम सुरू झाला, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. अपंगांच्या स्पर्धेत देशाचं ते पहिलं सुवर्ण. तिथवर जायला पैशाची मदत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने केली होती. खेळाडूने सैनिकाला दिलेला हात असा असतो. त्यासाठी गोल्फचं मैदानच लागतं असं नाही.

नौशेऱ्याचे ब्रिगेडियर

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत जवळचे वाटतात ते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. १९१२ मध्ये तेव्हाच्या आझमगढ जिल्ह्यातल्या बीबीपूर गावी जन्म. फाळणीच्या वेळी ते बलुच रेजिमेंटमध्ये होते. ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. त्यांना तिकडे मोठ्या पदाचं बोलावणं होतं. त्यांनी भारतातच राहायचं ठरवलं. १९४७ च्या डिसेंबरात झांगड हातचं गेलं, तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही असं त्यांनी ठरवलं आणि ऐन थंडीत जमिनीवर चटई टाकून झोपत राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेऱ्याची लढाई जिंकली, मार्चमध्ये झांगड परत घेतलं आणि ३ जुलै १९४८ रोजी तिथेच तोफगोळ्याने त्यांना शहादत आली. छत्तीसावं वर्ष पुरं व्हायला बारा दिवस कमी होते. त्यांना महावीर चक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या परिसरात त्यांची कबर आहे.

ही लढाईची हकिकत पुस्तकांत मिळते. त्यांची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. उस्मान यांनी लग्न केलं नव्हतं. पगारातला मोठा भाग ते गरीब मुलांच्या शिक्षणावर आणि पोटापाण्यावर खर्च करत. नौशेऱ्यात युद्धामुळे पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी एकत्र केलं, जेवूखाऊ घातलं, शिकायला बसवलं आणि त्यांची एक बालसेना उभी केली. लढाई डोक्यावर असलेल्या ब्रिगेडियरला पोरांकडे बघायला फुरसत होती. आमच्या मते त्यांच्या बहादुरीइतकीच ही गोष्ट मोठी आहे. अशा माणसांना तिकडे 'मिलिटरी मेंटर' म्हणतात आणि त्यांच्या नावाने स्पर्धा भरवतात. आपल्याकडे असा माणूस पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी होऊन गेला आणि आपल्या पोरांना त्याचं नावही धड माहीत नाही.

गेटवर बसलेला उस्ताद

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. आजही तिथे घराघरातून सैनिक निघतो. त्या गावच्या मुलाला भरतीची वाट कोणी शिकवावी लागत नाही. वडील फौजी, चुलते फौजी, शेजारचे मामा सुभेदार. जेवताना कानावर पडतं तेच त्याचं शिक्षण. कोपरीच्या मुलाचं तसं नाही. राबोडी, मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण, इथल्या आपल्या वस्त्यांतल्या मुलांचंही नाही. अब्बा रिक्षा चालवतात किंवा दुकानात आहेत, चाचा आखातात आहेत. फौजेतला माणूस सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही. म्हणजे मुलगा मागून निघालेला असतो. अंगात ताकद असते, हिंमत असते. वाट ठाऊक नसते.

वाट ठाऊक नसल्याने काय होतं, ते आम्ही शेजारी पाहिलं आहे. एक मुलगा दौडीत चांगला निघाला आणि वैद्यकीय तपासणीत कानातल्या मळामुळे अडला. आधी डॉक्टरकडे जाऊन कान साफ करून घेतले असते तर हा अडथळा आलाच नसता. दुसऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. ते दुरुस्त होईपर्यंत तारीख गेली. तिसऱ्याला दौडीचंच वेड. दहा वेळा बीमवर छाती उचलायची असते, नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो, तोल सांभाळत नागमोडी पट्टीवरून चालायचं असतं, हे त्याला मैदानावर गेल्यावर कळलं. अग्निवीराच्या भरतीत आता आधी संगणकावर लेखी परीक्षा असते आणि मग मैदान. वयाची खिडकी साडेसतरा ते एकवीस एवढीच. त्यात एक वर्ष वाया जाणं म्हणजे किती मोठं नुकसान, ते आईबापांनाच विचारा. आणि चार वर्षांनी त्यांतल्या पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम करतात, हेही मुलाला आधी कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. बाकीच्यांनी पुढे काय करायचं याचा विचार पहिल्याच दिवशी करून ठेवायचा असतो.

हे सांगणारी माणसं मुळात नाहीतच असं समजू नका. जवान साधारण पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत निवृत्त होतो. पेन्शन असते, पण मुलं शिकत असतात, घरखर्च असतो. मग दुसरी नोकरी शोधतो. ठाण्यात एवढे टॉवर उभे राहिले आहेत, त्यांच्या गेटवर, बँकांच्या दारात, एटीएमपाशी निळ्या गणवेशात बसलेल्या माणसाशी कधी दोन शब्द बोलून पाहा. कोणी कारगिलला होता, कोणी सियाचीनला, कोणी रंगरुटांना बंदूक शिकवत होता. आमची पोरं रोज सकाळी ज्या गेटसमोरून पळत जातात, त्या गेटवरच त्यांचा उस्ताद बसलेला असू शकतो. पोरांना ते ठाऊक नाही, आणि उस्तादालाही कोणी कधी विचारलेलं नाही.

सरकारी वाटाही आहेत आणि त्या बहुतेक मोफत किंवा अगदी कमी खर्चाच्या आहेत. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात आणि अकरावी-बारावीबरोबर त्यांची प्रबोधिनीची तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. तिथे सहावीला आणि नववीला प्रवेश मिळतो. पदवीधर मुलाला निवड मंडळाच्या मुलाखतीचं पत्र आलं असेल तर नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राहणं, जेवण आणि शिकवणी मोफत मिळते. त्यासाठी जावं लागतं ते आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. ठाण्यात ते कार्यालय आहे. त्याचा उंबरा चढणारी आपली मुलं किती असतील, याचा विचार प्रत्येक घराने करावा.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीची दारं मुलींना २०२२ मध्ये उघडली आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडल्या. आमच्या घरातल्या मुलींनी ते टीव्हीवर पाहिलं. त्यातल्या धाकटीने विचारलं, "तिथे जायला गणित लागतं का?" लागतं. पण हा प्रश्न तिला पडला, यातच आम्हाला आनंद आहे.

पुष्कळ आयांच्या मनात धास्ती असते की फौजेत गेल्यावर मुलाच्या नमाजरोज्याचं काय, खाण्यापिण्याचं काय. इतिहास बघितला तर उत्तर मिळतं. पलटणीत मंदिर, मशीद, गुरुद्वारा शेजारी शेजारी असतात, पुष्कळ ठिकाणी तर एकाच छताखाली सर्वधर्म स्थळ असतं. सैन्यात पंडित आणि ग्रंथींप्रमाणे मौलवीही धर्मगुरू म्हणून नेमलेले असतात. परमवीर चक्र मिळवणारे हवालदार अब्दुल हमीद याच सैन्यातले. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ हवाई दलाचे प्रमुख होते आणि नंतर आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. तरीही शंका उरतीलच. त्या आमच्यासारख्यांनी लिहून मिटणार नाहीत. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस घरी येऊन चहा पितापिता बोलला, तर मिटतील.

कोपरीत काय करता येईल

कोपरीत गोल्फ नाही आणि शंभर एकर मोकळी जागाही नाही. पण आपल्याकडे टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांना तोटा नाही. थंडी पडली की ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, जिथे मैदान तिथे सामने सुरू होतात. रात्रीचे दिवे, मंडप, समालोचन, माणसापेक्षा उंच चषक. या पैशांतला थोडा भाग वळवला तरी मोठं काम होईल. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळतात. त्या दिवशी जमा होणारा निधी माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातो, आणि तो गोळा करण्याचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेच असतं. त्या आठवड्यातला एक रविवार आपल्या मंडळांनी या कामासाठी राखून ठेवावा.

आमच्या डोक्यात आहे ते असं. दिवसभर आठ संघांचे सामने ठेवायचे. प्रत्येक संघाने प्रवेशाचे पैसे भरायचे आणि दुकानदारांनी सीमारेषेवरच्या पाटीसाठी द्यायचे, गोल्फच्या खळ्याप्रमाणेच. चषक लहान ठेवायचे. मधल्या सुट्टीत वस्तीतल्या माजी सैनिकांना, मग ते कोळीवाड्यातले असोत, सिंधी वसाहतीतले असोत की टॉवरच्या गेटवरचे, समोर बोलावून नावानिशी त्यांचा सत्कार करायचा. आणि त्यांना शालीबरोबर एक काम द्यायचं. आठवड्यातून दोन दिवस, पहाटे एक तास, आपल्या पोरापोरींना मैदानावर शिकवायचं. त्याचं मानधन जमलेल्या पैशांतून द्यायचं, कारण रात्रपाळी करून पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाचा वेळ फुकट घेणं बरं नव्हे. उरलेल्या पैशांतून गरजू मुलांना धावण्याचे बूट, परीक्षेची पुस्तकं आणि भरतीच्या गावी जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. ध्वजदिन निधीचा वाटा वेगळा काढून कार्यालयात भरायचा आणि पावती मंडळाच्या फलकावर लावायची. हिशेब सगळ्यांसमोर असला की पुढच्या वर्षी लोक आपण होऊन देतात.

यातला प्रत्येक मुलगा फौजेत जाईल असं नाही, आणि जायलाच हवा असंही नाही. कोणी पोलिसात लागेल, कोणी अग्निशमन दलात, कोणी दुकानावर बसेल. पण पहाटे उठणं, कागदपत्रं नीट ठेवणं, हरल्यावर पुन्हा रांगेत उभं राहणं, हे तो घेऊनच जाईल. तालीम वाया जात नाही.

कोळीवाड्यातल्या दोघा माजी सैनिकांशी आणि आमच्या गल्लीजवळच्या टॉवरच्या गेटवर असलेल्या एका निवृत्त हवालदारांशी आम्ही बोलून आलो. हवालदारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरं वेळेवर येतील ना?" तिघांनीही होकार दिला आहे. दोन मंडळांशी बोलणं चालू आहे. राबोडी, कळवा, मुंब्रा, कल्याण इथल्या वाचकांनी आपल्या गल्लीतला उस्ताद शोधून काढावा. फार लांब जावं लागणार नाही.